तारे बदलले, मती तीच?

सिडनी विद्यापीठाच्या पदवीपत्रावर एक ढाल छापलेली असते. ढाल पांढरी, म्हणजे चांदीची समजायची. तिच्यावर निळा क्रूस, क्रूसाच्या मधोमध उघडं पुस्तक आणि चारही भुजांवर एकेक सोनेरी तारा. प्रत्येक ताऱ्याला आठ टोकं. वरच्या अंगाला तांबडी पट्टी आणि तिच्यावर चालता चालता तोंड वळवून थेट आपल्याकडे बघणारा सोनेरी सिंह. ढालीखाली फीत आणि फितीवर चार लॅटिन शब्द : ‘सिदेरे मेन्स एआदेम मुतातो’. तारे बदलले तरी मती तीच, असा त्यांचा अर्थ.

विद्यापीठांची ब्रीदवाक्यं बहुधा निरुपद्रवी असतात. प्रकाश, सत्य, ज्ञान, श्रम यांतली दोन-तीन नामं जोडली की काम भागतं, आणि त्यावर वाद घालायला कुणी जात नाही. सिडनीचं वाक्य मात्र एक ठाम दावा करतं, आणि दावा म्हटला की तो तपासता येतो. मला तो अर्धाअधिक खोटा वाटतो. विद्यापीठानं जिथं जिथं तो खोटा पाडला तिथंच त्याचं भलं झालं, असंही वाटतं.

हे वाक्य कुठल्या गावात जन्मलं ते आधी पाहायला हवं. १७८८ साली ब्रिटनहून कैद्यांनी भरलेली जहाजं सिडनीच्या किनाऱ्याला लागली आणि वसाहत सुरू झाली. न्यू साउथ वेल्समध्ये कैदी पाठवणं १८४० साली थांबलं. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८५० मध्ये, तिथल्या विधिमंडळानं विद्यापीठाचा कायदा केला. त्यासाठी सर्वांत जास्त झटलेले विल्यम चार्ल्स वेंटवर्थ यांची आई कैदी म्हणूनच त्या किनाऱ्यावर उतरली होती. वडील शल्यचिकित्सक. मुलगा केंब्रिजला शिकून परतला, राजकारणात पडला आणि वसाहतीला स्वतःचं विद्यापीठ हवं असा हट्ट धरून बसला. ११ ऑक्टोबर १८५२ रोजी उद्घाटन झालं. विद्यार्थी होते २४ आणि प्राध्यापक तीन : ग्रीक-लॅटिनचे जॉन वुली, गणिताचे मॉरिस पेल आणि रसायनशास्त्राचे जॉन स्मिथ. इमारत उसनी, ग्रंथालय नावापुरतं.

अशा संस्थेला पाच वर्षांच्या आत राजमान्य ढाल हवीशी वाटावी, यात नवल नाही. ज्याच्या घराण्याकडे लोक संशयानं बघतात, त्यालाच कुलचिन्हाची घाई असते. १८५७ मध्ये लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सनं सिडनीला ढाल मंजूर केली. नाव कॉलेज असलं तरी इथं शिकवत कुणी नाही. पंधराव्या शतकापासून चालत आलेलं हे इंग्लंडमधलं कुलचिन्हांचं दफ्तर आहे. कुणाच्या ढालीवर काय असावं हे तिथं ठरतं, आणि ते चित्रात नव्हे तर शब्दांत नोंदलं जातं. त्या नोंदीची भाषा मध्ययुगीन फ्रेंचच्या वळणाची असते : निळ्याला अझ्युअर, तांबड्याला ग्यूल्स, चांदीला आर्जंट, सोन्याला ऑर. शब्द पक्के, चित्र मोकळं. सिंहाची आयाळ किती कुरळी काढायची ते चित्रकारानं बघावं.

रंगांचा एक जुना दंडकही आहे. सोनं आणि चांदी हे धातू, तर तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग चढवायचा नाही. चिलखतं घातलेल्या माणसांच्या गर्दीत दुरून ढाल ओळखू यावी, हे त्यामागचं साधं कारण. पिवळ्यावर पांढरं किंवा निळ्यावर काळं दुरून दिसत नाही. सिडनीची ढाल या कसोटीवर लावून पाहा : चांदीवर निळा क्रूस, निळ्यावर सोन्याचे तारे, तांबड्यावर सोन्याचा सिंह. कुठंही चूक नाही. आज रस्त्यांवरचे फलक रंगवतानाही गडद-फिक्याची हीच जाण लागते.

सिंह आणि पुस्तक कुठून आले हे सांगायला फार खोलात जावं लागत नाही. ऑक्सफर्डची ढाल निळी आहे. तिच्यावर तीन मुकुट आणि मध्ये उघडं पुस्तक. पुस्तकाच्या एका कडेला सात मोहोरा लोंबतात, आणि त्यांचा संबंध बायबलमधल्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकातल्या सात मोहोरांच्या ग्रंथाशी लावला जातो. पानांवर लिहिलंय ‘दोमिनुस इल्लुमिनातियो मेया’, म्हणजे परमेश्वर माझा प्रकाश. स्तोत्रसंहितेतल्या सत्ताविसाव्या स्तोत्राची ही सुरुवात. केंब्रिजची ढाल १५७३ सालची : तांबड्या जमिनीवर अर्मिनच्या फरचा पांढरा क्रूस, चार कोपऱ्यांत चार सोनेरी सिंह आणि मधोमध पुस्तक, पण मिटलेलं. सिडनीनं केंब्रिजचा एक सिंह घेतला आणि पुस्तक ऑक्सफर्डचं. पुस्तक उघडं, मात्र त्याच्यावर परमेश्वराचं नाव नाही. ही रिकामी पानं ध्यानात ठेवावीत.

राहिले तारे. ते ऑक्सफर्डचे नाहीत आणि केंब्रिजचेही नाहीत, कारण ते इंग्लंडमधून कधी दिसतच नाहीत. क्रूसावर क्रूसाच्याच मांडणीत बसवलेले हे चार तारे म्हणजे दक्षिण आकाशातला सदर्न क्रॉस. आपण त्याला त्रिशंकू म्हणतो. मे महिन्याच्या मध्याला, पाऊस सुरू होण्याआधी, रात्री नऊच्या सुमारास कोकणातल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या काळोख्या किनाऱ्यावरून नीट दक्षिणेला पाहिलं तर समुद्राच्या रेषेवर तो उभा दिसतो. मुंबईहून त्याची उंची सरासरी दहा अंशांच्या आसपास, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढी. जरा धुकं असलं किंवा शहराचा उजेड असला की गेलाच. सिडनीत मात्र तो मावळत नाही. वर्षभर, रात्रभर दक्षिण ध्रुवाभोवती फिरत राहतो, अगदी जसे ऑक्सफर्डच्या आकाशात सप्तर्षी कधी मावळत नाहीत तसा. उलट ध्रुवतारा सिडनीकराला जन्मात दिसायचा नाही.

नाव ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांना ऑस्ट्रेलियाची खबर असायचं कारण नव्हतं, पण त्रिशंकूची गोष्ट या ढालीला चपखल बसते. सदेह स्वर्गाला जायचा हट्ट धरलेला इक्ष्वाकू कुळातला राजा. वसिष्ठांनी नाही म्हटलं, विश्वामित्रांनी मनावर घेतलं, इंद्रानं वरून ढकललं आणि विश्वामित्रांनी मध्येच थांबवलं. रामायणातल्या कथेत विश्वामित्र एवढ्यावर थांबत नाहीत. दक्षिणेला ते नवे सप्तर्षी आणि नवी नक्षत्रमाला रचायला घेतात. देव घाबरतात, मग तडजोड होते. वर घेईनात आणि खाली पडू देईनात, अशी त्रिशंकूची अवस्था. वसाहतीतल्या इंग्रजाची गत काही वेगळी नव्हती : तो लंडनच्या लेखी दूरचा आणि स्वतःच्या लेखी पक्का इंग्रज. दक्षिणेच्या आकाशाखाली ऑक्सफर्डची प्रतिसृष्टी उभारायचा त्याचा प्रयत्न या ढालीवर रंगवलेला आहे.

तारे स्थिर असतात असंही नाही. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून टॉलेमीनं तारकांची यादी केली तेव्हा हे तारे त्याला तिथून दिसत होते. त्यानं ते नरतुरंगाच्या पायांत धरले. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे पुढं ते दक्षिणेला सरकत गेले, आणि आज अलेक्झांड्रियाहून त्रिशंकू पुरता दिसत नाही. म्हणजे माणूस जागचा हलला नाही तरी नक्षत्र बदलतंच.

आता ते चार शब्द. ते बसवले फ्रान्सिस मेरीवेदर यांनी. विद्यापीठाच्या नियामक मंडळावरचे हे गृहस्थ पुढं त्याचे कुलपतीही झाले. सरकारी नोकरीत त्यांनी स्थलांतरितांचं खातं सांभाळलं होतं. जहाजातून उतरणारी माणसं, त्यांची गाठोडी, त्यांचे हरवलेले चेहरे हा त्यांच्या कामाचाच भाग. आकाश बदलणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नसावी.

शाळेत संस्कृत शिकलेल्या वाचकाला हे लॅटिन वाक्य सहज कळेल. ‘उदिते सूर्ये’ म्हणजे सूर्य उगवल्यावर, ही आपली सति सप्तमी. लॅटिनमध्ये हेच काम वेगळ्या विभक्तीनं होतं, पण घडण तीच. ‘सिदेरे मुतातो’ म्हणजे ‘नक्षत्रे परिवर्तिते’. ‘मेन्स’ हा शब्द तर आपल्या ‘मति’चा सख्खा चुलतभाऊ आहे, एकाच मुळातून निघालेला. ‘एआदेम’ म्हणजे तीच. शब्दाला शब्द ठेवला तर ओळ होते : नक्षत्रे मतिः सैव परिवर्तिते. संस्कृतप्रमाणे लॅटिनलाही शब्दांचा क्रम बांधून घालत नाही, त्यामुळे रचणाऱ्याला खेळायला जागा मिळते. मेरीवेदर यांनी ‘नक्षत्र’ एका टोकाला टाकलंय आणि ‘बदललेलं’ दुसऱ्या टोकाला. मधल्या जागेत ‘मती तीच’ हे दोन शब्द एकमेकांना बिलगून बसलेत. बाहेर बदल आणि आत जैसे थे. जे सांगायचं तेच शब्दांच्या जागांनी करून दाखवलंय. इंग्रजीत किंवा मराठीत हे साधत नाही, आणि लॅटिनचा हट्ट धरण्यामागं निदान एवढं तरी खरं कारण होतं.

ज्याच्या कानावर लॅटिन आहे, त्याला ही ओळ ऐकताच होरेस आठवतो. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला हा रोमन कवी. त्याचा बाप मुळात गुलाम, नंतर मुक्त झालेला. बापानं पोटाला चिमटा काढून पोराला रोममध्ये शिकवलं, आणि पोरगा पुढं अथेन्सला जाऊन शिकला. होरेसनं पद्यात पत्रं लिहिली. त्यांतलं एक आहे बुल्लातियस नावाच्या मित्राला. हा मित्र आशिया मायनरमधली नामांकित बेटं नि शहरं बघत हिंडत होता. होरेस त्याला सांगतो की समुद्रापार धावणाऱ्यांच्या डोक्यावरचं आभाळ बदलतं, मन बदलत नाही. हे वाक्य कौतुकाचं मुळीच नाही. जिवाला लागलेली बेचैनी गलबतात बसून सुटत नाही, ती बरोबरच येते. तुला जे हवंय ते एखाद्या भिकार गावातही मिळेल, मन ताळ्यावर असलं तर. म्हणजे होरेसनं ज्याला रोग म्हटलं, त्याचीच सिडनीनं फुशारकी केली. मूळ ओळीतली कळा काढून तिचा अभिमान बनवला.

हे जाणून केलं की नकळत, या प्रश्नात मला फार रस नाही, कारण ब्रीदवाक्यं अशीच जन्मतात. आपल्या हवाई दलाचं ‘नभः स्पृशं दीप्तम्’ गीतेच्या अकराव्या अध्यायातलं. विश्वरूप पाहून भेदरलेला अर्जुन ते बोलतो आणि त्याच श्लोकात आपलं काळीज हललं, धीर सुटला अशी कबुली देतो. हवाई दलानं आभाळाला भिडणारं तेज घेतलं आणि भेदरणं गीतेतच राहू दिलं. त्यात गैर काय? उतारा कापला की अर्थ मोकळा होतो. मात्र कापलेला भाग ठाऊक असणाऱ्या वाचकाला एक ज्यादा गंमत मिळते.

होरेसवर तर त्या काळी सगळ्यांचाच डोळा होता. १८५३ मध्ये स्थापन झालेल्या मेलबर्न विद्यापीठाचं ब्रीद ‘पोस्तेरा क्रेस्काम लाउदे’, पुढच्या पिढ्यांच्या प्रशंसेत मी वाढत जाईन. ही होरेसनं स्वतःच्या कवितेबद्दल मारलेली बढाई. आयुष्यभराची कमाई हातात घेऊन कवीनं काढलेले उद्गार एका कोऱ्या संस्थेनं आगाऊच घेतले. मेलबर्नच्या चिन्हात हातात पुष्पचक्र घेतलेली विजयदेवता आहे आणि तिच्याभोवती पुन्हा तेच चार तारे. न्यूझीलंडमधलं १८६९ सालचं ओटागो विद्यापीठ ‘सापेरे आउदे’ म्हणतं, शहाणं व्हायचं धाडस कर. हेही होरेसच्या पत्रातलंच. तत्त्वज्ञ कांटनं १७८४ मध्ये प्रबोधन म्हणजे काय हे सांगताना हेच शब्द उचलले आणि त्यांना वेगळंच वजन आलं. ॲडलेडचं ‘सुब क्रुके लुमेन’ तेवढं होरेसचं नाही. क्रूसाखाली प्रकाश असा त्याचा अर्थ, आणि क्रूस कुठला तर पुन्हा आकाशातला.

आणि मद्रास. सिडनीला ढाल मिळाली त्याच १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं स्थापन झाली. मद्रासचं ब्रीद ‘दोक्त्रिना विम प्रोमोवेत इन्सिताम’, म्हणजे विद्या अंगच्या शक्तीला पुढं नेते. हेसुद्धा होरेसचं, सम्राट ऑगस्टसच्या सावत्र मुलाच्या विजयावर लिहिलेल्या स्तुतिकवितेतलं. तिथं होरेस आधी रक्ताचं माहात्म्य गातो : शूरांच्या पोटी शूर जन्मतात, गरुडाच्या पोटी कबुतर येत नाही. मग तो ‘पण’ म्हणतो आणि विद्येचं महत्त्व सांगतो. मद्रासनं तो ‘पण’ गाळला. त्याबरोबर वंशाची थोरवीही गेली आणि अंगची शक्ती कुणाच्याही अंगची होऊ शकली. जातीच्या उतरंडीत बांधलेल्या समाजासाठी काढलेल्या विद्यापीठाला हा गाळलेला शब्द किती उपयोगी पडला असता याची कल्पना करवते, पण तसं काही मनात धरून तो गाळला असेल असं मला वाटत नाही. ओळ आटोपशीर झाली, एवढंच असावं.

मुंबई विद्यापीठ आज ‘शीलवृत्तफला विद्या’ हे ब्रीद मिरवतं. महाभारतातल्या एका श्लोकाच्या चरणाशी त्याचं नातं सरळ दिसतं. विद्येचं फळ म्हणजे शील आणि वर्तन. लॅटिन पाहायचं असेल तर त्याच शहरात सेंट झेवियर्स कॉलेजाकडे जावं. १८६९ साली जेझुइटांनी काढलेल्या या कॉलेजाचं ब्रीद आहे ‘प्रोवोकान्स आद वोलांदुम’, उडायला चिथावणारा. बायबलच्या जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकात गरुड पिलांना घरट्यातून उठवतो आणि पंखांवर घेतो, तिथून ते आलं. शिक्षणाबद्दलच्या ब्रीदांत ‘चिथावणं’ हे क्रियापद क्वचित सापडतं. माझ्या मतानं या लेखात आलेल्या सगळ्यांत तेच सर्वांत बरं.

सिडनीचा दावा तपासायचा तर दोन गोष्टी समोरासमोर ठेवाव्या लागतात. ऑक्सफर्डच्या पुस्तकावर परमेश्वराचं नाव होतं ते शोभेपुरतं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथं प्रवेश घेतानाच चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ धर्मकलमांना मान्यता द्यावी लागे. कॅथलिक, ज्यू, इतर पंथांचे प्रोटेस्टंट यांनी तिकडं फिरकायचं नाही. १८५० च्या दशकात ही अट थोडी सैल झाली, आणि पदव्या नि पदांवरची बहुतेक धार्मिक बंधनं उठायला १८७१ चा कायदा यावा लागला. सिडनीच्या विद्यापीठानं अशी अट पहिल्या दिवसापासून ठेवली नाही. वसाहतीत आयरिश कॅथलिक होते, स्कॉट प्रेस्बिटेरियन होते, ज्यू होते, आणि सगळ्यांच्या करातून विद्यापीठ चालणार होतं. धर्म ज्यानं त्यानं आपापल्या वसतिगृहात सांभाळावा असं ठरलं. त्या उघड्या पुस्तकाची पानं रिकामी का, याचं उत्तर यात आहे असं मी मानतो. ब्रीदवाक्यात देव नाही, आहेत फक्त नक्षत्र आणि मती. ‘मती तीच’ म्हणत म्हणत त्यांनी ऑक्सफर्डचा पाया बाजूला ठेवला होता.

दुसरी गोष्ट बायकांची. १८८१ मध्ये सिडनीनं मुलींना मुलांच्या बरोबरीनं प्रवेश द्यायचं ठरवलं आणि १८८५ मध्ये मेरी एलिझाबेथ ब्राउन आणि इसोला फ्लोरेन्स थॉम्पसन पदवीधर झाल्या. ऑक्सफर्डनं बायकांना पदवी द्यायला १९२० उजाडलं, केंब्रिजनं १९४८. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या, मग ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये तिथं कायद्याच्या परीक्षेला बसल्या. परीक्षा देता आली, पण पदवी हातात पडायला १९२२ साल यावं लागलं. मुंबईनं दिलं ते द्यायला ऑक्सफर्डला तीस वर्षं लागली. मग मती तीच असण्यात नेमकं भूषण कुणाचं?

तरीही हे वाक्य का हवं होतं ते समजतं. ते सिडनीतल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलंच नाही, ते लंडनला ऐकवण्यासाठी आहे. कैद्यांच्या गावातली पदवी खरी मानायची की नाही, हा तेव्हाचा खरा प्रश्न होता. आम्ही बिघडलेलो नाही, आमचं डोकं अजून तुमचंच आहे, अशी ही ग्वाही. ढालीनंतर पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, व्हिक्टोरिया राणीची सनद आली आणि सिडनीच्या पदव्या ब्रिटनमधल्या पदव्यांच्या तोडीच्या ठरल्या. एडमंड ब्लॅकेट या वास्तुकारानं बांधलेली गॉथिक इमारत तीच ग्वाही दगडात देते : कमानी, मनोरे, लाकडी छताचा भव्य सभागार. मात्र पावसाचं पाणी फेकणाऱ्या दगडी राक्षसांच्या रांगेत एक कांगारू बसवलेला आहे. मला ती अख्खी इमारत त्या कांगारूमुळे आवडते. पुढच्या काळात सिडनीकरांनीच आपल्या ब्रीदाची टर उडवली. क्लाइव्ह जेम्स हे तिथंच शिकलेले लेखक. आपल्या आठवणींत त्यांनी त्याचा सैल अर्थ असा लावला की हे ऑक्सफर्ड-केंब्रिजच, फक्त हजारो मैल बाजूला सरकवलेलं.

या सगळ्यात एक गृहीत मात्र कुणी फारसं तपासलं नाही : नक्षत्र ‘बदललं’ ते कुणासाठी? विद्यापीठ उभं आहे ती जमीन गॅडिगल लोकांची, आणि त्यांच्यासाठी ते आकाश कधीच नवं नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समूहांना आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांत एमू पक्षी दिसतो. ताऱ्यांना जोडून आकृती काढायची ही आपली सवय, ते ताऱ्यांमधल्या अंधाराला आकार देतात. त्रिशंकूच्या कुशीत धुळीच्या ढगाचा एक काळा डाग आहे. तो त्या एमूचं डोकं. ढालीवरच्या चार सोनेरी ताऱ्यांच्या अगदी लगत हे डोकं आहे, पण ढालीवर त्याला जागा नाही.

या विद्यापीठात आदिवासी विद्यार्थी पदवीपर्यंत पोचायला शंभरावर वर्षं गेली. चार्ल्स पर्किन्स १९६६ मध्ये पदवीधर झाले. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १९६५ मध्ये, ते आणि सिडनी विद्यापीठातले विद्यार्थी एक बस घेऊन न्यू साउथ वेल्सच्या गावागावांत हिंडले. मोरी गावात आदिवासी मुलांना सार्वजनिक पोहण्याच्या तलावात मज्जाव होता. पर्किन्स मुलांना घेऊन थेट तलावावर गेले. जमावानं अंडी-टोमॅटो फेकले, बातमी देशभर झाली. ‘फ्रीडम राइड’ म्हणून ही यात्रा ओळखली जाते. बसमधले बहुतेक विद्यार्थी त्या मेरीवेदर यांच्या वाक्यातल्या ‘त्याच’ मतीचे वारस होते, गोरे, बऱ्या घरचे. त्यांच्या आजोबांना जे दिसलं नव्हतं ते बघायला ते निघाले होते.

अलीकडे ढाली हळूहळू मागच्या खोलीत जाताहेत. ओटागोनं २०२४ मध्ये नवं चिन्ह आणि नवं माओरी नाव पुढं आणलं. ‘सापेरे आउदे’ असलेली ढाल समारंभापुरती ठेवली. सिडनीनं हे २०१० मध्येच केलं होतं. पत्रांच्या माथ्यावर, इमारतींवर, खेळाडूंच्या सदऱ्यांवर चालेल असं साधं चिन्ह काढलं. ढालीचा आकार सुटसुटीत केला, भोवतालची वेलबुट्टी काढून टाकली. सिंह राहिला, पुस्तक राहिलं, चारही तारे राहिले. फीत आणि तिच्यावरचे चार शब्द तेवढे गेले. १८५७ ची पूर्ण ढाल आता पदवीपत्रावर आणि औपचारिक कामांत दिसते. आणि फीत उतरवायला लंडनची परवानगी लागण्यासारखं काही नव्हतंच. इंग्लंडच्या रिवाजात कॉलेज ऑफ आर्म्स मंजूर करतं ती ढाल, खालचं ब्रीद ज्याचं त्यानं ठरवावं, हवं तेव्हा बदलावं.